शेवटच्या गाडीच्या आत पुरिया धनाश्री

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगीत शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुढच्या वर्षाचं कला-कार्यक्रमांचं वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलंय. मोठ्या विद्यापीठांच्या संगीत विभागांत शिक्षकांचं स्वतःचं गायन-वादन ठेवतात, तसं आपल्याकडेही व्हावं असं प्राचार्य म्हणतात. पैसे बेताचे, सभागृह एकच, मुलं बहुतेक एसटीनं येणारी. किती कार्यक्रम ठेवू, कधी ठेवू, आणि आम्ही शिक्षकांनी गावं तरी काय? ऐकायला कोणी येईल का?"

ताई, तुमच्या प्रश्नातलं सर्वांत कामाचं वाक्य 'मुलं बहुतेक एसटीनं येणारी' हे आहे. बाकी सगळं त्यावरून ठरवायचं. तुम्ही ते अडचण म्हणून लिहिलंय. मी ते वेळापत्रकाची पहिली ओळ म्हणून घेतो.

मी तबल्याचा माणूस. सत्तावीस वर्षं महाविद्यालयात शिकवलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं सांस्कृतिक समितीचं लोढणंही गळ्यात होतं. शिक्षकांच्या गाण्याचा पहिला कार्यक्रम आम्ही ठेवला तो एका डिसेंबरात, सायंकाळी पाचला. आमच्या सहकारी बाई पुरिया धनाश्री गाणार होत्या. पाचची वेळ रागाला अगदी योग्य. पण दीपप्रज्वलन झालं, मग सत्कार झाले, मग एका पाहुण्यांना संगीताचं जीवनातलं स्थान सांगायचं होतं. बाई स्वर लावायला बसल्या तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते. विलंबित एकताल, आलाप नुकता तीव्र मध्यमावरून वर सरकायला लागला होता, आणि सहा वीसला शेवटच्या रांगेतली दोन पोरं उठली. दप्तर छातीशी धरून, वाकून, अगदी अदबीनं. त्यांच्या मागून पाच मुली. मग एक अख्खी रांग. दाराशी कोणी तरी दबक्या आवाजात म्हणालं, "चाल ना भो, गाडी सुटी जाई." बाईंचे डोळे मिटलेले होते. मी ठेका धरून होतो आणि खुर्च्या मोजत होतो. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर आम्हा सहकाऱ्यांखेरीज नऊ माणसं होती, त्यातले दोन शिपाई कुलूप लावायला थांबलेले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दोन मिनिटांत द्रुत बंदिश आटोपली, आणि काही न बोलता तानपुऱ्याला गवसणी घातली.

दुसऱ्या दिवशी मी बसस्थानकावर गेलो आणि फळ्यावरचं वेळापत्रक वहीत उतरवून आणलं. तेव्हापासून कार्यक्रम आखताना माझ्या वहीच्या पहिल्या पानावर गाड्यांची यादी असते. रागांची यादी दुसऱ्या पानावर.

म्हणजे उलटं करायचं. आपण आधी कलाकार ठरवतो, मग राग, आणि शेवटी सभागृह मोकळं असेल ती वेळ. तुम्ही आधी वेळ ठरवा. मुलं किती वाजेपर्यंत थांबू शकतात ते पाहा, त्याच्या आधी पाऊण तास कार्यक्रम संपवा, आणि त्या वेळेचा राग घ्या. हे बंधन वाटतं, पण आपल्या पद्धतीत ते वरदान आहे, कारण आपले राग मुळातच घड्याळ बांधून आलेले आहेत.

शहरातल्या सभा संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होतात. त्यामुळे तिथले श्रोते वर्षभर यमन, पुरिया, बागेश्री, मालकंस हेच ऐकतात. दुपारचे राग त्यांच्या वाट्याला फारसे येतच नाहीत. शुद्ध सारंग, वृंदावनी सारंग, भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी, हे सगळं अकरा ते पाच या महाविद्यालयाच्या वेळेत बसतं. म्हणजे ज्या रागांना मुंबई-पुण्यात वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडे रोज वेळ आहे. पहिल्याच वर्षी 'दुपारचे राग' एवढंच नाव देऊन दोन कार्यक्रम करा. पैकी एक बारा वाजता सारंगाचा, दुसरा पावणेचारला मुलतानी किंवा पटदीपचा. मुलतानी हा माझा हट्ट समजा. कोमल रिषभ-धैवत आरोहात सोडून नुसते उतरताना लागणारे, आणि खानदेशातल्या फेब्रुवारीच्या उतरत्या दुपारी, बाहेर ऊन पिवळं व्हायला लागलं की ते अंगावर येतात. पुस्तकात 'दिवसाचा चौथा प्रहर' असं वाचून पाठ करणाऱ्या मुलाला ते त्या एका दुपारी कळतं.

सूर्याचंही गणित करा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य पावणेसहा-सहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सात वाजून गेल्यावर. म्हणजे मारवा, पुरिया धनाश्री, श्री हे संधिप्रकाशाचे राग डिसेंबर-जानेवारीत सव्वापाचला सुरू करून सहाला संपवता येतात, जुलैत येत नाहीत. आमच्या त्या पहिल्या कार्यक्रमात महिना चुकला नव्हता, रागही चुकला नव्हता. पाऊण तास भाषणांत गेला. तेव्हा पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांना गाणं झाल्यावर बोलू द्या. गाडी सुटायची असली की भाषण आपोआप छोटं होतं.

आणि सकाळ विसरू नका. ललत, भैरव, अहीर भैरव, तोडी, देसकार हे राग बहुतेक मुलांनी फक्त मोबाईलवर ऐकलेले असतात, तेही रात्री झोपताना. जानेवारीत सकाळी साडेसातला वसतिगृहातल्या आणि गावातल्या मुलांपुरती बैठक ठेवा. पन्नास नको, पंचवीस आली तरी पुष्कळ. एसटीची मुलं त्याला येऊ शकणार नाहीत, म्हणून तोच राग दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धा तास घ्या. सकाळचा राग दुपारी गायला तर आभाळ कोसळत नाही. तो सकाळचा आहे हे सांगून गावा.

आता वर्षाचं म्हणाल तर, या छोट्या बैठका सोडून, मोठे कार्यक्रम चार. पाचवा ठेवला की पहिले चार पातळ होतात.

गुरुपौर्णिमा आपल्याकडे आधीपासून आहेच. शिक्षकाचं गाणं ही कल्पना आपण परक्या मुलखातून आणतोय असं प्राचार्यांना वाटत असेल तर त्यांना सांगा की गुरुपौर्णिमेला शिष्य आधी गातात आणि शेवटी गुरू बसतो, हेच ते. अशा एकल मैफलीला तिकडे 'रिसायटल' म्हणतात, पण तो शब्द तरी कुठे जुना आहे? १८४० साली लंडनमध्ये फ्रान्झ लिस्टच्या पियानोवादनाच्या जाहिरातीत तो आला, तेव्हा पियानोवर कोणी 'रिसाइट', म्हणजे पठण, कसं काय करणार म्हणून लोक चक्रावले होते. तिकडच्या विद्यापीठांत आता तो रुळलाय. शिक्षकांचे रिसायटल बहुधा विनामूल्य असतात, आणि वर्षात अमुक इतके ऐकलेच पाहिजेत असा नियमही संगीताच्या मुलांना असतो. आपण मात्र गुरुपौर्णिमेला हार, श्रीफळ आणि मनोगतं यांत गुरूला इतकं दमवतो की तो गायचाच राहतो.

दुसरा कार्यक्रम पावसाळ्याचा. मल्हार घ्या, पण श्रावणातला रविवार टाळा. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, तिचे रोट असतात, त्या दोन-तीन दिवसांत खानदेशातला माणूस गावी असतो आणि तिथेच असायला हवा. पोळ्याच्या आसपासही नको. ऑक्टोबरपासून परीक्षा, दिवाळी आणि कापूस वेचणी एकात एक येतात. वेचणीच्या दिवसांत वर्गात दहा पोरं असतात आणि प्राध्यापकांना वाटतं पोरं उनाड झालीत. ती शेतात असतात. नोव्हेंबर सोडून द्या.

तिसरा ३ डिसेंबरला. बहिणाबाई चौधरींचा हा स्मृतिदिन, १९५१ चा. आपल्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव मिळाल्यापासून या दिवशी काही ना काही होतंच, पण ते 'काही ना काही' म्हणजे बहुधा कीबोर्डवर बसवलेली चाल आणि त्यावर दहा मुलींचा समूह. अक्षरओळख नसलेल्या बाईनं कामाच्या लयीत रचलेलं, मुलानं म्हणजे सोपानदेवांनी कागदावर उतरवून घेतलेलं ते काव्य. त्याला जात्याची लय आहे. मी असतो तर त्या दिवशी मंचावर एक जातं ठेवलं असतं आणि विद्यार्थिनींच्या आज्यांपैकी ज्यांना ओव्या येतात त्यांना बोलावलं असतं. तुमच्या भागात बहिणाबाईंची लेवा बोली नाही, अहिराणी आहे, भिलोरी आहे, पावरी आहे. त्या बोलीतल्या ओव्या येऊ देत. मग शिक्षकानं बसून एवढंच दाखवायचं की आजीनं गायलेली ओवी कोणत्या सुरांत फिरली. चार-पाच सुरांत फिरलेली असते आणि एखादा सूर कोणत्याच रागात न बसणारा निघतो. त्याची चर्चा पाऊण तास पुरते.

चौथा जानेवारी-फेब्रुवारीत, हा मुख्य. थंडी असते, वेचणी सरलेली असते, परीक्षा लांब. याच सुमारास, जानेवारीत, जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तिकडे मुलांना एक रात्र नेता आलं तर न्या. छोट्या नारायणाला, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना, गाण्याचे पहिले धडे जळगावातच मेहबूबखाँ यांच्याकडे मिळाले, हे मुलांना गाडीत सांगा. खानदेशात गाणं बाहेरून येतं अशी आपल्या पोरांची पक्की समजूत असते, ती जरा हलते.

मार्चनंतर काहीच ठेवू नका. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की मुली माहेरी, झोके, गौराईची गाणी. तो आपला खरा कला महोत्सव, आणि त्याला समिती लागत नाही.

आता तुमच्या 'गावं काय' या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आपल्या मुलांना शास्त्रीय संगीत कुठे भेटतं? युवारंगमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवात. मी युवारंगच्या विरुद्ध नाही, माझी कित्येक मुलं तिथे चमकली, पुढे राज्य पातळीवरच्या इंद्रधनुष्य महोत्सवाला गेली. पण स्पर्धेतलं शास्त्रीय गायन म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात चार आवर्तनांचा विलंबित, लगेच द्रुत, मग तानांची आतषबाजी, शेवटी तिहाई. परीक्षकांची नजर घड्याळावर. या मुलांनी तीन वर्षं असाच राग बसवलेला असतो. त्यांना वाटतं राग हा तेवढाच असतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेतही वेगळं काही नाही, तिथे परीक्षक 'बरं, आता तान घ्या' म्हणून पुढे सरकतो. एकच राग पन्नास मिनिटं हळूहळू उलगडत जातो, षड्जापासून गंधारापर्यंत पोचायलाच दहा मिनिटं लागतात, हे त्यांनी समोर बसून कधी पाहिलेलंच नसतं. यूट्यूबवर असतं, पण तिथे बोटानं पुढे सरकवता येतं.

म्हणून शिक्षकाच्या कार्यक्रमात एकच राग. पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. हवी तर शेवटी एक भजन किंवा नाट्यपद. पाच शिक्षकांनी प्रत्येकी दहा मिनिटं गायची योजना कोणीतरी मांडेलच, 'सर्वांना संधी' म्हणून. ती हाणून पाडा. तो पुन्हा युवारंगच झाला, फक्त वय वाढलेलं.

आणि राग कोणता? या सत्रात वर्गात शिकवला तो. तुमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना भीमपलासची छोट्या ख्यालाची बंदिश येते ना? तुम्हीही तीच बंदिश घ्या, तीच, शब्दही न बदलता. त्यांना स्थायी पाठ आहे, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ठाऊक आहे. त्यामुळे तुम्ही मुखडा धरून समेवर याल तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या मुलाची मान तुमच्याबरोबर हलेल. अप्रसिद्ध जोडराग गाऊन सहकाऱ्यांवर छाप पाडायची असेल तर त्याला दुसरी जागा शोधा. मी एका कार्यक्रमात असा साडेतीन नावांचा राग वाजताना साथीला बसलो होतो. बंदिश साडेनऊ मात्रांत. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या संपल्याच्या होत्या.

तुमची भीती मला कळते. रोज चार-पाच तास शिकवून गळा बसलेला, घरचं सगळं करून रियाज राहिलेला, आणि समोर आपलीच मुलं. चुकलं तर? चुकू द्या. आमच्या एका गायक सहकाऱ्याचा तारषड्ज त्या दिवशी लागेना. दोनदा प्रयत्न केला, हसले, आणि मध्यसप्तकातच अर्धा तास इतकं सुरेख गायले की मुलं नंतर वर्गात म्हणाली, "सर, वर न जाता बी गाता येतं का?" हे त्यांना कोणत्याही व्याख्यानात कळलं नसतं. 'शिकवणारा वेगळा, गाणारा वेगळा' हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं, आणि ते बहुधा न गाणारे शिक्षक म्हणतात. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा ते स्वतः मैफलीचे गवई होते. त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे पहिले प्रमुख झाले, आणि त्यांच्या मैफली तर देशभर गाजत होत्या. तयारीला मात्र वेळ घ्या, किमान सहा आठवडे. आणि प्राचार्यांकडून तेवढ्या काळात आठवड्याचे दोन तास मोकळे मागून घ्या, लेखी.

तबल्याचं थोडं माझ्या अधिकारात सांगतो.

साथीदार घरचा आहे म्हणून फुकट वाजवेल असं गृहीत धरू नका. बजेटमध्ये तीनच कलमं लिहा: साथीदारांचं मानधन, साऊंड, चहा-पाणी. हार-तुरे, शाल, स्मृतिचिन्ह यांवर काट मारली की पहिल्या कलमाचे पैसे निघतात.

तुमची पट्टी काळी चार, म्हणजे षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, असावी असं धरून चालतो. आपल्याकडे हाताशी असतो तो तबला बहुधा काळी एकचा. काळी चारच्या गायिकेला काळी एकचा तबला मध्यमात बसतो, म्हणून भीमपलास, बागेश्री, मालकंस असेल तर चालून जातं, उलट छान वाटतं. पण भूप घेतला तर त्यात मध्यमच नाही. तबला प्रत्येक समेवर वर्ज्य स्वर वाजवत राहील. मारवा-पुरियालाही तेच, तिथे शुद्ध मध्यमाचं काम नाही. मग काळी चारला षड्जात लागणारा मोठ्या तोंडाचा, ढाला तबला लागेल, आणि तो तालुक्याच्या गावी ऐन वेळी मिळत नाही. म्हणून राग ठरला की त्याच दिवशी साथीदाराला राग आणि पट्टी दोन्ही कळवा. नुसतं 'ताईंचं गाणं आहे, या' असं नाही.

दुसरं, हवा. कातडं कोरड्या उन्हात ताणतं, सूर चढतो. पावसात सैल पडतं, उतरतो. फेब्रुवारीच्या अखेरीला दुपारी पत्र्याच्या सभागृहात मी तबला मिळवून ठेवला आणि पंधरा मिनिटांच्या प्रास्ताविकात तो चांगलाच चढून बसला. गायकानं आ लावला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग सगळ्यांसमोर हातोडी घेऊन ठाकठोक. तेव्हापासून माझा नियम आहे: वाद्यं एक तास आधी मंचावर आणून ठेवायची, पंखे-दिवे कार्यक्रमात असतील तसेच चालू करून, आणि मिळवणं शेवटच्या दहा मिनिटांत. मंचावरचा पंखा बंद. प्रेक्षकांवरचे चालू राहू देत, नाहीतर तेच उठून जातील.

साऊंडवाला हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या भागातला साऊंडवाला लग्नाच्या वरातीत आणि ऑर्केस्ट्रात तयार झालेला, मेहनती, पण त्याच्या मते आवाज म्हणजे छातीत धडधडलं पाहिजे. त्याच्याशी वाद घालू नका. आल्या आल्या चहा पाजा, आणि एकच विनंती करा: "भाऊ, एको पूर्ण बंद." मग तबल्याचा बास कमी करून घ्या, तानपुऱ्याला अगदी बारीक आवाज द्या, आणि कलाकाराकडे तोंड करून एक छोटा स्पीकर ठेवायला सांगा. सव्वाशे माणसांच्या सभागृहात गळ्याला माईक नावापुरताच लागतो. शक्य असेल तर जमिनीवर सतरंजी घालून बैठक करा, मागे वयस्कांसाठी दोन रांगा खुर्च्या. खुर्ची सरकवून उठणं सोपं असतं. मांडी घातलेला माणूस उठायच्या आधी एकदा विचार करतो.

येतील का, असं तुम्ही विचारलंत. पहिल्याला चाळीस धरा. हजेरीची सही घेऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणात कला-सहभागाला श्रेयांक आहेत, त्यामुळे सही घेण्याचा मोह होईल. आम्ही एकदा घेतली. दीडशे सह्या झाल्या आणि सभागृहात साठ पोरं. सही करून पाणी प्यायला गेलेली बाकीची अजून यायची आहेत. श्रेयांक द्यायचेच तर कार्यक्रमानंतर अर्धं पान लिहून घ्या: कोणता सूर सारखा येत होता, सम कशी ओळखली, कंटाळा कुठे आला. कंटाळ्याचं उत्तर प्रामाणिक असतं, तिथून पुढचा तास सुरू करता येतो.

निमंत्रणपत्रिकेत एक बदल करा. आपल्या पत्रिकांवर कार्यक्रम कधी सुरू होणार ते असतं, कधी संपणार ते कधीच नसतं. तुम्ही छापा. असं काही: 'राग मुलतानी. विलंबित एकताल, द्रुत तीनताल. प्रारंभ ३.४५, समाप्ती ४.४०. गावाकडची गाडी ५.२०.' आमच्याकडे पहिल्यांदा असं छापलं तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हा कलेचा अपमान असल्याचं सुनावलं. पण त्या दिवशी कोणीही मधून उठलं नाही. मुलींच्या घरच्यांनाही ती ओळ दाखवता येते, आणि मुली थांबतात. त्याखाली 'प्रमुख पाहुणे', 'प्रमुख उपस्थिती' यांची उतरंड नको. साथीदारांची नावं कलाकाराच्या नावाइतक्याच मोठ्या टाईपात.

चित्रकलेचं माझं क्षेत्र नाही, तरी एवढंच. गाण्याच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात चित्रं-छायाचित्रं लावली तर वेगळा प्रेक्षक गोळा करावा लागत नाही. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर-संग्रहालय आहे. घरातल्या घरात टेबलावर वस्तू मांडून त्यांनी जी छायाचित्रं काढली ती पाहायला कला शाखेची एक सहल न्याच. साधनं नाहीत म्हणणाऱ्या मुलांना तर नक्की.

तुमच्या जिल्ह्याबद्दल मात्र एक राग आहे मनात, तो बोलून घेतो. सातपुड्यातले ढोल आणि पावरी (भोपळ्याचं फुंकवाद्य) वाजवणारे कलाकार आपण कधी बोलवतो? मंत्री येतात तेव्हा, फाटकापाशी, उन्हात. गाडीतून पाहुणे उतरले, दोन मिनिटं वाजलं, फोटो झाले, पाहुणे आत आणि कलाकार बाहेर वडाखाली. आत सभागृहात आपण 'लोककलेचं जतन' यावर परिसंवाद घेतो. तुमच्या चारपैकी एका कार्यक्रमात त्यांना पूर्ण चाळीस मिनिटं द्या, मैदानावर, कारण तो ढोल चार भिंतींत मावत नाही. मानधन शास्त्रीय कलाकाराइतकंच. आणि वाजवून झालं की पावरी वाजवणाऱ्या दादांना विचारा, तुमच्याकडे सूर कशावरून ठरतो, भोपळा कसा निवडता. तुमच्या वर्गात त्यांच्याच पाड्यावरची मुलं बसलेली असतील, दुभाषाचं काम ती करतील, आणि त्या दिवशी त्या मुलांची बसण्याची पद्धत बदललेली तुम्हाला दिसेल. फक्त होळीच्या आसपासचा पंधरवडा सोडा. तेव्हा ते कलाकार कोणाचेच नसतात, गावोगावच्या होळीचे असतात. वही (हा खानदेशातला लोकगायनाचा प्रकार) गाणारी मंडळी तुमच्या आसपास असतील तर पुढच्या वर्षी त्यांना बोलवा.

परवानग्यांचं दोन ओळींत. मैदानावर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो लावायचाच नाही. नाटक किंवा एकांकिका बाहेरच्या प्रेक्षकांसाठी करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते पाहा. लेखकाची परवानगी तर हवीच. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग महाविद्यालयाच्या चॅनलवर टाकण्याआधी कलाकाराला विचारा. शिक्षक असला तरी. विशेषतः शिक्षक असला तर, कारण तो पोटतिडकीनं गायला असतो, आणि खाली प्रतिक्रिया लिहिणारे त्याचेच विद्यार्थी असतात.

शेवटी जेवण. जानेवारीतल्या सकाळच्या बैठकीनंतर वसतिगृहाच्या मेसला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी करायला सांगा. आमच्याकडे एका वर्षी ललत ऐकायला बावीस जण होते, पुढच्या वर्षी साठ. त्यातले किती ललतसाठी आले आणि किती भरितासाठी, याची चौकशी मी केली नाही.

तुमच्या पहिल्या कार्यक्रमाला तबल्याला कोणी मिळेना तर मला कळवा. सकाळची बैठक असेल तर आदल्या संध्याकाळच्या गाडीनं मुक्कामाला येईन, काळी एकचा आणि ढाला, दोन्ही तबले घेऊन. फक्त राग ठरला की आठ दिवस आधी सांगा, कारण ढाल्याची शाई निघालीय आणि जळगावला पुडी बदलायला टाकलाय.